मतदाराचा कागद : अमेरिकेतील ओळखपत्राचे कायदे आणि वंशभेद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मतदानकेंद्रावर छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र दाखविण्याची सक्ती करणारे कायदे २००५ पासून अनेक घटकराज्यांनी संमत केले. या कायद्यांवरून त्या देशात जो वाद माजला त्याचे स्वरूप वरवर पाहता कायदेशीर असले, तरी मूलतः तो इतिहासाचाच वाद आहे. विरोधकांचे म्हणणे असे की, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेतील राज्यांनी कृष्णवर्णीयांचा मताधिकार ज्या युक्त्यांनी हिरावून घेतला, त्यांचीच ही नवी आवृत्ती होय. उलट समर्थक म्हणतात की, जो नियम सर्व वर्णांच्या नागरिकांना सारखाच लागू आहे त्यास वंशभेदी म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग असून, पूर्वजांचे पाप नव्या नियमाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. इतिहासाची साक्ष दोन्ही पक्ष काढतात; ती शेवटपर्यंत ऐकून घेण्याची तयारी मात्र फार थोड्यांची दिसते. ती ऐकली असता असे आढळते की, मतदाराकडे कागद मागण्याच्या प्रथेविषयी सरसकट निर्णय देता येत नाही. कोणता कागद मागितला, तो कोणाजवळ आधीपासून होता व कोणास तो धडपडून मिळवावा लागला, आणि ही वस्तुस्थिती कायदा करणाऱ्यांस ठाऊक होती की नव्हती, यांवर त्या त्या कायद्याचे स्वरूप ठरते.

अमेरिकेच्या राज्यघटनेची पंधरावी दुरुस्ती १८७० मध्ये अमलात आली. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणांवरून कोणाही नागरिकाचा मताधिकार नाकारता येणार नाही, असे तिने ठरविले. यादवी युद्धानंतर दक्षिणेत असलेले संघराज्याचे सैन्य व तेथील सुधारणावादी सरकारे जोवर टिकून होती, तोवर कृष्णवर्णीयांनी या अधिकाराचा प्रत्यक्ष उपभोग घेतला. १८७७ नंतर ती परिस्थिती पालटली. प्रथम दंडेली व मतपेट्यांतील लबाडी यांवर काम भागविण्यात आले. परंतु हे उपाय दर निवडणुकीस नव्याने योजावे लागत, आणि खुद्द श्वेतवर्णीय पुढाऱ्यांतही त्यांविषयी संकोच निर्माण झाला होता. तेव्हा कायद्याचाच आश्रय घ्यावा, मात्र त्या कायद्यात वंशाचे नावही येऊ देऊ नये, असा विचार पुढे आला. या विचारास पूर्ण स्वरूप मिळाले ते मिसिसिपी राज्यात.

मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती. तेथे १८९० मध्ये जी घटनापरिषद भरली तिच्या १३४ सभासदांत आयझाया मॉन्टगोमेरी हा एकच कृष्णवर्णीय होता. या परिषदेने मतदारासाठी ज्या अटी घातल्या त्यांत साक्षरतेची परीक्षा सर्वांत कुप्रसिद्ध झाली. राज्यघटनेतील कोणतेही कलम वाचता यावे, अथवा वाचून दाखविले असता त्याचा अर्थ समजावा किंवा त्याचे समर्पक विवरण करता यावे, अशी ती अट होती; आणि विवरण समर्पक आहे किंवा नाही हे ठरविणारा नोंदणी-अधिकारी श्वेतवर्णीय असे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दुसरी एक अट अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रत्येक मतदाराने दोन डॉलरांची डोईपट्टी, म्हणजे दरडोई कर, भरावयाची होती. ती निवडणुकीच्या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपूर्वी, मागील दोन वर्षांची मिळून चुकती झालेली असावी लागे. आणि ती भरल्याचा समाधानकारक पुरावा मतदाराने निवडणूक-अधिकाऱ्यापुढे हजर करावा, असे घटनेच्या २४१ व्या कलमात स्पष्ट लिहिले होते. निवडणूक नोव्हेंबरात येई. म्हणजे पावती नऊ-दहा महिने जपून ठेवणे भाग होते. दर हंगामास एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर बिऱ्हाड हलविणाऱ्या, बहुधा निरक्षर आणि सावकाराच्या वहीत अडकलेल्या बटाईदार शेतकऱ्याने असा कागद सांभाळावा, ही अपेक्षा काय फळ देईल हे परिषदेत कोणास सांगावे लागले नसेल.

या डोईपट्टीची एक गंमत अशी की, ती वसूल व्हावी अशी राज्याचीच इच्छा नव्हती. ती न भरणाऱ्यावर फौजदारी कारवाई करू नये, असे घटनेतच नमूद होते. १८९६ मध्ये हा प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने मोठ्या मोकळेपणाने सांगितले की, या करामागील मुख्य उद्देश मताधिकारास अडसर घालण्याचा असून महसूल हा केवळ आनुषंगिक लाभ आहे. संघराज्याच्या घटनेमुळे कृष्णवर्णीयांविरुद्ध उघड भेद करता येत नसल्याने परिषदेने त्यांच्या राहणीच्या लक्षणांविरुद्ध व त्यांच्यातील दुर्बळ व्यक्तींच्या हातून घडणाऱ्या गुन्ह्यांविरुद्ध भेद केला, हेही त्याच निकालपत्रात आले आहे. आपल्या हेतूची इतकी निःसंकोच कबुली देणारा न्यायनिर्णय विरळाच.

पुढे दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, विल्यम्स विरुद्ध मिसिसिपी या खटल्यात वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हे कलम आले. राज्य न्यायालयाची वरील कबुली न्यायमूर्तींनी वाचली होती. आपल्या निकालात तिचा त्यांनी उल्लेखही केला. तथापि कायद्याच्या शब्दांत वंशभेद नाही, दुर्बळ व दुर्गुणी गोऱ्यांनाही तो लागू होतो, आणि प्रत्यक्ष अंमलबजावणीत अन्याय झाल्याचे सिद्ध झालेले नाही, फक्त तसा तो होऊ शकेल एवढेच दाखविले गेले आहे, असे म्हणून त्यांनी एकमताने कायदा मान्य केला. या निर्णयाने इतर राज्यांचा मार्ग मोकळा झाला. लुइझियाना राज्यात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १८९८ च्या नव्या घटनेनंतर १९०० मध्ये त्यांची संख्या ५,३२० झाली आणि १९०४ मध्ये अवघी १,३४२ उरली. अलाबामातील पाच हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांच्या वतीने जॅक्सन जाइल्स याने १९०३ मध्ये दाद मागितली असता, न्यायमूर्ती होम्स यांनी असा विलक्षण युक्तिवाद केला की, नोंदणीची सारी व्यवस्थाच जर कपटाची असेल तर त्या कपटाच्या यादीत आणखी एक नाव घालून न्यायालयाने काय साधावे? मोठ्या राजकीय अन्यायाचे निवारण राज्याने अथवा संघराज्याच्या विधिमंडळाने करावे, असा त्यांचा निर्वाळा होता. ज्याचे मतच काढून घेतले त्याला विधिमंडळाकडे जाण्यास सांगण्यात आले.

या सर्व अटींमुळे हजारो गरीब गोऱ्यांचेही मत गेले, ही गोष्ट समर्थक पक्ष नेहमी पुढे करतो व ती खरी आहे. परंतु तिच्यावरून कायदा वंशनिरपेक्ष होता असा निष्कर्ष निघत नाही. लुइझियानाने तर त्या गोऱ्यांसाठी सुटकेची वाटही ठेवली होती: १ जानेवारी १८६७ पूर्वी ज्याला किंवा ज्याच्या बापाला वा आजाला मताचा अधिकार होता त्यास परीक्षा माफ. त्या तारखेस तेथील कृष्णवर्णीयांना मताधिकार नव्हता. ‘आजोबा-कलम’ म्हणून ओळखला गेलेला हा प्रकार सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये ओक्लाहोमाच्या खटल्यात रद्द ठरविला. त्यावर ओक्लाहोमाने पुढील वर्षी नवा कायदा करून, पूर्वी मत न दिलेल्यांनी ३० एप्रिल ते ११ मे १९१६ या बारा दिवसांत नोंदणी केली तरच ठीक, नाही तर अधिकार कायमचा जाईल, असे ठरविले. हा कायदा रद्द व्हावयास १९३९ साल उजाडले.

समान अटीमागे दडलेली विषमता हा विचार महाराष्ट्राच्या वाचकास अपरिचित नाही. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मताधिकाराच्या मालमत्तेच्या अटीवर हाच आक्षेप घेतला होता. अस्पृश्यतेमुळे ज्यांना व्यापार, नोकरी व जमीन यांचे दरवाजेच बंद, त्यांना सर्वांसारखीच सांपत्तिक अट लावणे म्हणजे त्यांना मतदार-यादीबाहेर ठेवणे होय, या भूमिकेवरून त्यांनी अस्पृश्यांसाठी खालच्या पायरीची पात्रता मागितली. त्या अटीत जातीचा उल्लेख नव्हता. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ ही वर्षे काढलेल्या या अभ्यासकाला अमेरिकेतील परिस्थिती माहीत होती, हे आठवले म्हणजे दोन्ही प्रश्नांचे साम्य केवळ योगायोगाचे वाटत नाही.

अमेरिकेत डोईपट्टीचा शेवट कसा झाला हेही पाहण्यासारखे आहे, कारण त्या शेवटातच ओळखपत्राच्या वादाचे बीज आहे. संघराज्याच्या निवडणुकांसाठी डोईपट्टीची अट घालण्यास बंदी करणारी चोविसावी घटनादुरुस्ती १९६४ मध्ये पूर्ण झाली. ती येणार हे दिसताच व्हर्जिनिया राज्याने १९६३ मध्ये तोड काढली. मतदाराने डोईपट्टी भरावी, किंवा ती भरावयाची नसेल तर निवडणुकीच्या सहा महिने आधी आपल्या रहिवासाचे साक्षांकित प्रमाणपत्र दाखल करावे. आणि हे दर निवडणूक-वर्षी. प्रमाणपत्रास पैसा पडत नव्हता. तरीही १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. कराऐवजी तितकाच जाचक दुसरा व्याप मतदाराच्या मागे लावणे हे घटनादुरुस्तीचा भंग करणारे आहे, असे न्यायालयाने म्हटले. कागद मोफत असला तरी तो मिळविण्याचे कष्ट ही एक किंमतच असते, हे तत्त्व येथे मान्य झाले. पुढील ओळखपत्राच्या खटल्यांत या निकालाला जेवढे वजन मिळावयास हवे होते तेवढे मिळाले नाही.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराचा कायदा झाला. त्याचे खरे सामर्थ्य पाचव्या कलमात होते. वंशभेदाचा इतिहास असलेल्या राज्यांनी निवडणुकीच्या नियमांत कोणताही फेरबदल करण्यापूर्वी संघराज्याची पूर्वसंमती घ्यावी, आणि आपला बदल निर्दोष आहे हे राज्यानेच सिद्ध करावे, असे त्यात होते. पुराव्याचा भार उलट बाजूस गेला. याच कायद्याने साक्षरता-परीक्षा स्थगित केल्या व नोंदणीसाठी संघराज्याचे अधिकारी धाडले. परिणामी मिसिसिपीतील कृष्णवर्णीय मतदारांच्या नोंदणीचे प्रमाण ६.७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेले. १९८० मध्ये मोबिल शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भेदाचा हेतू सिद्ध झालाच पाहिजे असा आग्रह धरला, तेव्हा काँग्रेसने १९८२ मध्ये दुसरे कलम दुरुस्त करून, परिणाम दाखविला तरी पुरे, असे ठरविले. हेतू आणि परिणाम या दोन कसोट्यांची ओढाताण तेथून पुढे चालू राहिली.

मतदाराकडे ओळखीचा कागद मागण्याची पद्धत साउथ कॅरोलिनाने १९५० मध्ये सुरू केली; हवाई, टेक्सस व फ्लॉरिडा यांनी ती १९७० नंतरच्या दशकात स्वीकारली. हे नियम बहुतांशी सौम्य असत व कागद नसणाऱ्यास शपथेवर अथवा अन्य मार्गाने मत देता येई. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लॉरिडात जो गोंधळ झाला त्यानंतर निवडणुकीच्या शुद्धतेविषयी देशभर चिंता उत्पन्न झाली. २००५ मध्ये माजी अध्यक्ष जिमी कार्टर व माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने छायाचित्र-ओळखपत्राची शिफारस केली. मात्र ते शासनाने स्वतः पुढाकार घेऊन सर्वांना मोफत पुरवावे, अशी जोडही तिला दिली होती. राज्यांनी शिफारशीचा पहिला भाग चटकन उचलला. जॉर्जियाने तर २००५ मध्ये ओळखपत्रासाठी शुल्क ठेवले. ते डोईपट्टीसारखेच आहे असे म्हणून न्यायालयाने कायद्याची अंमलबजावणी रोखल्यावर २००६ मध्ये ते मोफत करण्यात आले. येथे भारतीय वाचकाने एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. भारतात १९९३ पासून निवडणूक आयोगाने स्वतःच मतदारास छायाचित्र-ओळखपत्र देण्यास प्रारंभ केला. अमेरिकेत असे सार्वत्रिक राष्ट्रीय ओळखपत्र नाही. बहुतेकांचे ओळखपत्र म्हणजे मोटार चालविण्याचा परवाना. आणि ज्याच्याजवळ मोटार नाही त्याला मतासाठी परवाना-कार्यालयाची वाट धरावी लागते.

इंडियानाचा २००५ चा कायदा क्रॉफर्ड खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला व २८ एप्रिल २००८ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी टिकला. दुसऱ्याच्या नावावर मतदानकेंद्रात मत दिल्याचे एकही उदाहरण इंडियानाच्या इतिहासातून पुढे आले नव्हते. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी तोतयेगिरीचा दाखला दिला तो न्यूयॉर्कमधील १८६८ च्या निवडणुकीचा, ज्या वेळी एकेक इसम दाढीमिशा कमी करीत पुनःपुन्हा मत देई! तथापि या खटल्याचा अर्थ ताणता कामा नये. त्यात वंशभेदाचा आरोप मुख्य नव्हता, आणि कागदाअभावी मत गमावलेल्यांचा पुरावाही अपुरा होता. कायद्याचे शब्द सर्वांना समान आहेत व अन्याय केवळ संभाव्य आहे, हा १८९८ चाच सूर त्यात ऐकू येतो हे खरे. पण १८९८ मध्ये राज्याचा हेतू उघडपणे कबूल झालेला होता, इंडियानात तसा पुरावा नव्हता.

तो पुरावा टेक्सस व नॉर्थ कॅरोलिना येथे शोधला गेला. टेक्ससच्या २०११ च्या कायद्याने लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना ग्राह्य ठरविला, विद्यापीठाचे विद्यार्थी-ओळखपत्र मात्र नाही. राज्यातील सुमारे एक-तृतीयांश जिल्ह्यांत ओळखपत्र देणारे कार्यालयच नव्हते. २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने या कायद्यास पूर्वसंमती नाकारली. पण २५ जून २०१३ रोजी शेल्बी परगण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पूर्वसंमतीची राज्ये निवडण्याचे सूत्र जुनाट झाले असे पाच विरुद्ध चार मतांनी म्हणून, ती व्यवस्थाच निष्प्रभ केली. आणि त्याच दिवशी टेक्ससने कायदा लागू करण्याची घोषणा केली. २०१४ च्या सुनावणीत असे दिसून आले की, सुमारे ६,०८,००० नोंदलेल्या मतदारांजवळ योग्य कागद नाही, आणि त्यांत कृष्णवर्णीयांचे व स्पॅनिश भाषिक वंशाच्या लोकांचे प्रमाण गोऱ्यांच्या मानाने कितीतरी अधिक आहे. २०१६ मध्ये पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने कायद्याचा परिणाम भेदमूलक ठरविला. त्यानंतर टेक्ससने, कागद मिळविण्यास वाजवी अडचण आहे असे लेखी निवेदन करणाऱ्यास मत देण्याची मुभा ठेवली व तो सुधारलेला कायदा २०१८ मध्ये टिकला.

नॉर्थ कॅरोलिनाची हकीकत याहून उद्बोधक आहे. तेथील विधिमंडळाने कोणत्या वंशाचे मतदार मतदानाच्या कोणत्या सोयी वापरतात याची आकडेवारी मागविली. शेल्बी निकालापूर्वी सोळा पृष्ठांचे असलेले विधेयक त्यानंतर सत्तावन्न पृष्ठांचे झाले. कृष्णवर्णीयांजवळ तुलनेने अधिक आढळणारी ओळखपत्रे वगळण्यात आली. मुदतपूर्व मतदानाचे दिवस सतरावरून दहावर आले. त्याच दिवशी नोंदणी करून मत देण्याची सोय बंद झाली. २९ जुलै २०१६ रोजी चौथ्या विभागाच्या अपील न्यायालयाने हा कायदा रद्द करताना, कृष्णवर्णीयांवर जवळजवळ शस्त्रक्रियेच्या अचूकतेने नेम धरला गेला, असे म्हटले. न्यायालयाने सभासदांवर वंशद्वेषाचा आरोप केला नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. प्रतिपक्षाला मते देणाऱ्या गटाची मते घटविणे हा पक्षीय हेतू असला, तरी त्या गटाची ओळख वंशावरून पटवून त्यास लक्ष्य करणे हा वंशभेदच होय, अशी न्यायालयाची विचारसरणी होती.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. ऱ्होड आयलंड राज्याने २०११ मध्ये ओळखपत्राचा कायदा केला तेव्हा तेथील विधिमंडळात डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत होते, आणि सेनेटमधील त्याचे पुरस्कर्ते हॅरल्ड मेट्स हे स्वतः कृष्णवर्णीय होते. ग्राह्य कागदांची यादी लांब ठेवण्यात आली आणि कागद नसलेल्याचे मत सही पडताळून मोजण्याची तरतूद झाली. साउथ कॅरोलिनाच्या कायद्यालाही, अडचणीचे कारण सांगणाऱ्यास मत नाकारले जाणार नाही या अर्थाने तो वाचला जावा, अशा समजुतीवर न्यायालयाने २०१२ मध्ये पुढील निवडणुकांसाठी संमती दिली. नॉर्थ कॅरोलिनाच्या २०१३ च्या कायद्यास व ऱ्होड आयलंडच्या कायद्यास एकाच नावाने निंदणे म्हणजे पुराव्याकडे पाठ फिरविणे होय.

संख्याशास्त्रज्ञांच्या संशोधनाने वादात भर पडली, निकाल लागला नाही. अल्पसंख्याकांच्या मतदानात मोठी घट होते असे सांगणारा २०१७ चा एक गाजलेला निबंध पुढील वर्षी फेरतपासणीत टिकला नाही. कँटोनी व पॉन्स यांनी २००८ ते २०१८ या काळाच्या देशव्यापी माहितीवरून २०२१ मध्ये दाखविले की, या कायद्यांमुळे एकूण मतदानात किंवा कोणत्याही वंशाच्या मतदानात लक्षणीय घट झालेली नाही. दुसरीकडे, टेक्ससमध्ये २०१६ साली अडचणीचे निवेदन भरून मत दिलेल्या सोळा हजारांवर मतदारांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांत कृष्णवर्णीय व स्पॅनिश भाषिक वंशाचे मतदार प्रमाणाबाहेर आढळले. आणि ज्या तोतयेगिरीसाठी हा सारा खटाटोप, तिची २००० ते २०१४ या काळात एक अब्जाहून अधिक मतांत जस्टिन लेव्हिट यांना फक्त ३१ विश्वसनीय प्रकरणे सापडली. या निष्कर्षांत वाटतो तितका विरोध नाही. एकूण मतदान कायम राहण्याचे कारण पुष्कळदा असे असू शकते की, अडथळा दिसताच संस्था व पक्ष कामाला लागतात व लोक अधिक कष्ट सोसून मत देतात. ते कष्ट कोणाच्या वाट्यास आले, हे मतदानाच्या बेरजेतून समजत नाही. तद्वतच बेरीज कमी झाली नाही म्हणून कायदा करणाऱ्यांचा हेतू शुद्ध ठरत नाही, आणि हेतू दूषित होता म्हणून लाखो मते गेली असेही गृहीत धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ॲरिझोनाच्या खटल्यात परिणामाची कसोटी अधिक कडक करून, मतदानातील नेहमीचे व्याप हे भेदाचे लक्षण मानू नयेत असे सुचविले. त्यामुळे दुसऱ्या कलमाखाली दाद मागणे पूर्वीपेक्षा कठीण झाले.

नॉर्थ कॅरोलिनात २०१८ मध्ये जनतेने घटनादुरुस्तीला कौल देऊन ओळखपत्राची अट पुन्हा आणली व विधिमंडळाने तिच्यासाठी नवा, पूर्वीपेक्षा बराच सैल कायदा केला. विद्यार्थी-ओळखपत्रे ठराविक अटींवर त्यात ग्राह्य होती, आणि अडचणीचे निवेदन करण्याची मुभाही होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये हा कायदा वंशभेदी हेतूने केलेला म्हणून रद्द केला. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये झालेल्या निवडणुकीमुळे पुढे न्यायपीठाची रचना बदलली. नव्या बहुमताने फेरसुनावणी घेतली आणि एप्रिल २०२३ मध्ये, त्याच कायद्यावर व त्याच पुराव्यावर, हेतू सिद्ध होत नाही असा पाच विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला. त्या वर्षीच्या नगरपालिकांच्या निवडणुकांपासून तेथील मतदार छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवून मत देऊ लागले.